रामलिंगअप्पांची दोनशे बारा माणसं

निलंग्याच्या बसस्टँडसमोर शिवशंकरची टपरी आहे. गेल्या वर्षी तिथं चहाबरोबर एक बातमी फुकट मिळत होती. बातमी अशी, की रिटायर कंडक्टर रामलिंगअप्पा हलकुडे यांनी घरी झोपाळ्यावर बसून दोनशे बारा माणसं पैदा केली. त्यांना नावं दिली, गावं दिली, वयं दिली, प्रत्येकाला आपल्या मर्जीनं ब्लडप्रेशर दिलं, आणि लातूरच्या एका डॉक्टरनं ती सगळी माणसं विलायतेच्या मासिकात छापून आणली. मग विलायतवाल्यांना वास आला.

शिवशंकर ही बातमी सांगताना गाळणी वर धरायचा आणि आवाज खाली आणायचा. "लंडनहून फोन आल्ता. डायरेक्ट. मीच उचलला असता, पन हात दुधात व्हता."

सकाळच्या पहिल्या गाडीला माणसं दोनशे बारा होती. औरादची गाडी लागेपर्यंत पाचशे झाली. संध्याकाळी उदगीरच्या गाडीतून उतरलेल्या एकानं सांगितलं की मामला ब्लडप्रेशरचा नाहीच, किडनीचा आहे, आणि अप्पा फरार आहेत. अप्पा त्या वेळी त्याच्या मागच्याच बाकावर बसून खारी चहात बुडवत होते.

यातलं खरं एवढंच, की विलायतेहून पत्र आलं होतं. तेही अप्पांना नाही, डॉक्टरांना. माणसं मात्र एकूणएक खरी होती. हाडामांसाची, तंबाखू मळणारी, आणि जवळजवळ प्रत्येकाचं अप्पांशी कधी ना कधी हाफ तिकिटावरून भांडण झालेलं. आणि अप्पांच्या घरात झोपाळा नाही. कधीच नव्हता.

अप्पांनी एकतीस वर्षं निलंगा डेपोत कंडक्टरकी केली. दुसरी माणसं रामराम म्हणतात तसं अप्पा म्हणायचे, "एकतीस वर्षं, एक केस न्हाई." नवीन माणूस घाबरायचा. त्याला वाटायचं, पोलिसातलं काही असेल. तर तसं नाही. एसटीत लाइन चेकिंग असतं. भर रस्त्यात गाडी थांबते, चेकर चढतो, डोकी मोजतो आणि तिकिटं मोजतो. एक डोकं जास्त निघालं की कंडक्टरवर केस. अप्पांच्या गाडीवर असले चेकर कितीदा तरी चढले आणि हात हलवत उतरले. एकानं तर रागानं कोंबडीचंही तिकीट विचारलं होतं. अप्पांनी खिशातून काढून दाखवलं.

त्यामुळं डोकी मोजायची सवय हाडात गेलेली. लग्नात अक्षता पडायच्या आत अप्पांचा हिशेब तयार असायचा. सख्ख्या मेहुण्याच्या दहाव्याला सगळे डोळे पुसत होते आणि अप्पांचे ओठ हलत होते. लोकांना वाटलं, मंत्र म्हणतायत. अप्पा म्हणत होते, "बाया बेचाळीस, मानसं अडोतीस, हाफ अकरा."

आवाज नाकातून निघायचा आणि वाक्याच्या शेवटी स्पीडब्रेकरवरून गेल्यासारखा उडायचा. "चलाऽऽ पुढं सरका, मधी जागा हाय, दांडा धराऽऽ!" हे घरातही चालायचं. स्वयंपाकघरात कुणी दारात उभं राहिलं की, "दारात उबारू नगा, उतरनारे उतरू द्याऽऽ." त्यांच्या पत्नी पार्वतम्मा माहेरच्या भालकीकडच्या. त्या चुलीवरून मान न वळवता म्हणायच्या, "साकु." म्हणजे कानडीत, पुरे. हा एकच शब्द अप्पांची गाडी थांबवू शकायचा.

रिटायर झाल्यावर आठ महिने अप्पांनी दारात खुर्ची टाकून रस्त्यावरच्या मोटरसायकली मोजल्या. मग एके दिवशी एक पांढरी गाडी दाराशी थांबली आणि डॉक्टर मुकुल मुरुडकर उतरले.

डॉक्टर मुकुल लातूरला प्रॅक्टिस करतात. माणूस सभ्य, शर्ट कडक, आणि प्रत्येक वाक्य 'बेसिकली'नं सुरू. त्यांना संशोधन करायचं होतं. जवसाची चटणी रोज दोन चमचे खाल्ली तर ब्लडप्रेशर उतरतं का, हे बारा आठवडे बघायचं होतं. माणसं आपल्याच भागातली, पन्नाशीच्या पुढची. आधी एकदा शिबिर घ्यायचं, तिथं नर्सेस प्रत्येकाचं प्रेशर मोजून लिहितील. मग बारा आठवडे चटणी. मग घरोघर जाऊन पुन्हा मोजायचं.

"बेसिकली, मला असा माणूस हवाय की ज्याला बघून या सहा गावांत दार उघडेल."

"दार?" अप्पा म्हणाले. "साहेब, माजा आवाज आला की मानसं पिशवी घेऊन भाईर येतेत."

"झालं तर."

"एक विचारू का? ह्यात चेकिंग असतंय का?"

"चेकिंग कसलं, अप्पा? संशोधन आहे हे."

अप्पांचं तोंड जरा उतरलं. चेकिंग नाही म्हणजे खरं-खोटं कळणार कसं, असं त्यांना वाटलं. पण दारातल्या मोटरसायकली मोजून ते कंटाळले होते.

चटणीचं काम पार्वतम्मांनी घेतलं. ऐंशी किलो जवस भाजले, कुटले, लसूण-तिखट घातलं. दोन महिने गल्लीतल्या प्रत्येकाच्या कपड्यांना तो वास होता. शाळेतली पोरंसुद्धा कुठल्या गल्लीची ते नाकानं ओळखू यायचं.

बारा आठवडे उलटल्यावर अप्पा निघाले. प्रेशरचं मशीन त्यांनी जुन्या पट्ट्यानं खांद्यावर अडकवलं, जिथं तिकिटाचं मशीन असायचं तिथंच. फॉर्मला ते वेबिल म्हणायचे, कंडक्टरच्या तिकीट-हिशेबाच्या कागदाला म्हणतात तसं. अंगणात पाऊल टाकताच हाळी, "कोन-कोन ऱ्हायलंऽऽय?" म्हातारी माणसं एकामागं एक बाजेवर बसायची. अप्पा पट्टा बांधायचे, मशीन गुरगुरायचं, आणि मग सगळ्या वाड्यावस्तीला ऐकू जाईल असं, "एकशे चाळीस, एऽऽक! पुढं कोन?"

एका आजोबांनी विचारलं, "अप्पा, माजं जास्त हाय का कमी?"

"ते डॉक्टर सांगतेत. मी निस्तं लिवतो. उठा, मागचा उबा हाय."

लेख छापून आला. डॉक्टर मुकुलांनी लातूरला छोटा कार्यक्रम केला, अप्पांना शाल दिली. लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात ज्यांचे आभार मानले होते त्यात अप्पांचं आडनाव होतं. त्यांनी त्या पानाचं लॅमिनेशन करून ते डेपोनं दिलेल्या निष्कलंक सेवेच्या प्रमाणपत्राशेजारी लावलं. लेखाचा निष्कर्ष असा होता की चटणीनं वरचं प्रेशर सरासरी दोन पूर्णांक एक दशांशानं उतरतं.

"दोन म्हंजे लई झालं का, साहेब?"

"बेसिकली," डॉक्टर म्हणाले, "दिसायला थोडं आहे. पण स्टॅटिस्टिकली लई आहे."

अप्पांना ते पटलं. स्टॅटिस्टिकली हा शब्द त्यांनी पुढं महिनाभर वापरला. एकदा भाजीवालीशीही.

आणि मग पत्र आलं.

डॉक्टरांनी अप्पांना लातूरला बोलावलं. या वेळी शाल नव्हती, चहाही नव्हता. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरून वाचून दाखवलं. लेखासोबत जोडलेली माहिती चाळून कुणीतरी मासिकाकडं तक्रार केली होती. दोनशे बारा माणसांपैकी एकशे एक्केचाळीस जणांचा जन्म एकाच तारखेचा आहे, एक जूनचा. आणखी अठ्ठावन्न जणांचा एक जानेवारीचा. जगातल्या कुठल्याच लोकवस्तीत असं घडू शकत नाही. सबब ही माणसं बनावट असावीत. माहितीची खातरजमा झाली नाही तर लेख मागे घेतला जाईल.

अप्पा हसायलाच लागले. एक जूनचं त्यांना काय नवल? त्यांचा स्वतःचा एक जूनच.

पण डॉक्टर हसले नाहीत. डॉक्टर लातूरच्या मोठ्या दवाखान्यात जन्मलेले, त्यांच्या जन्माची वेळ मिनिटासकट लिहिलेली. त्यांनी दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "अप्पा, आपल्या दोघांतच राहील. खरं सांगा. घरी बसून भरले का फॉर्म?"

अप्पांचं हसू जागच्या जागी थांबलं. ब्रेक लागल्यावर उभी माणसं पुढं जातात तसं त्यांच्या आत काहीतरी पुढं गेलं आणि आपटलं. एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. कोंबडीवाल्या चेकरनंही नाही.

"साहेब," ते म्हणाले, "लाइन चेकिंग लागलं म्हना की."

"बेसिकली, हो."

"लागू द्या. डोकी मोजा. एक डोकं कमी निगालं तर माज्यावर केस करा. आन हे मागं घेनं म्हंजे काय? रिव्हर्स?"

"तसंच काहीसं."

"मग ते तुमी एकट्यानं करू नगा. रिव्हर्स घेताना डायवरला मागचं दिसत न्हाई. शिट्टी कंडक्टर मारतो."

मासिकानं खातरजमेचं काम नांदेडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या भार्गवी मॅडमकडं दिलं. त्यांनी कळवलं, की यादीतली दहा नावं निवडून त्या दहा जणांना भेटू. अप्पांनी ते ऐकलं आणि भडकले. "धा? दोनशे बाराची गाडी आन धा डोकी मोजून चेकर उतरनार? असल्या चेकरवरच केस कराय पायजे."

दुसऱ्या दिवसापासून अप्पा सहा गावं फिरले. दारोदार सांगितलं, रविवारी तांबरवाडीला यायचं, मारुतीच्या सभामंडपात. टेम्पोची सोय आहे. कशाला यायचं, असं विचारलं की म्हणायचे, "तुमी हाव का न्हाई, ते ठरनार हाय."

"मी हाव की!"

"ते तिथं येऊन सांगा."

रविवारी भार्गवी मॅडम नांदेडहून पहाटेच्या गाडीनं आल्या. बारीक चणीच्या, खांद्यावर कापडी पिशवी, आणि इतक्या हळू बोलणाऱ्या की समोरच्याला आपोआप गप्प बसावं लागे. त्या सभामंडपात शिरल्या आणि दारातच थबकल्या. आत एक एसटी भरलेली होती. गाडी नव्हती, पण बाकी सगळं होतं. अप्पांनी सतरंजीवर खडूनं आखून लोकांना डावीकडं तीन, उजवीकडं दोन असं ओळीनं बसवलं होतं. मधून जायला वाट. पुढची जागा दिव्यांगांसाठी राखीव. आणि वाटेच्या टोकाला खांद्याला मशीन अडकवून अप्पा.

"या मॅडम. मोजा. चलाऽऽ, पाय आत घ्याऽऽ, चेकिंग हाय!"

मॅडमनी यादी काढली. एकेक नाव वाचलं, एकेक आधारकार्ड पाहिलं. याला अडीच तास लागले. तेवढ्यात दोन म्हाताऱ्यांनी जागेवरून भांडण केलं आणि एकानं खिडकीची सीट मागितली. सगळं उरकल्यावर मॅडम म्हणाल्या, "दोनशे अकरा."

अप्पा तिसऱ्या ओळीकडं वळले. तिथं केवळाबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर एक फ्रेम टेकवून ठेवलेली होती. हार घातलेला फोटो. त्यांचे मालक दिवाळीनंतर गेले होते.

"ह्यांचं वेबिलात नाव हाय," अप्पा म्हणाले. आवाज उडाला नाही. "म्हनून सीट ठिवली."

मॅडमनी यादीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "ज्यांची जन्मतारीख एक जून आहे, त्यांनी हात वर करा."

"हात न्हाई मॅडम, उबंच करतो. एक जूनवाले, उबं ऱ्हावाऽऽ!"

राष्ट्रगीताला उठावं तसा मंडप उठला. एका माजी सैनिकानं तर सॅल्यूटच ठोकला. मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. माणसं कमी झाली नव्हती.

"हे सगळे एकाच दिवशी..."

"माझ्या हातून!" पुढच्या ओळीतून एक थरथरता आवाज आला. यादीत नसूनही हौसेनं आलेले एक्क्याण्णव वर्षांचे दगडोबा गुरुजी काठीच्या आधारानं उठले. "सगळ्यांचा जन्म माझ्या हातून झाला, बाई."

डॉक्टर मुकुल कोपऱ्यात उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

गुरुजींनी मग खुलासा केला. त्या काळी या सहा गावांत मिळून तीनच शाळा होत्या आणि त्या ते एकटेच सांभाळायचे. आई पोराला बोटाला धरून आणायची. जन्म कधीचा? तर म्हणे तूर काढायच्या वक्ताला. वर्ष? ते नाही सांगता येत. मग गुरुजी पोराला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कानाला हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं झालं. शाळा उघडायची जूनमध्ये. मग सहा वर्षं मागं जायचं आणि एक जून लिहायचं.

"दाखवा रे," गुरुजी म्हणाले.

आणि साठी-सत्तरीच्या एकशे एक्केचाळीस जणांनी, काहींनी टोपी सावरत, काहींनी कण्हत, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला. मागून कुणीतरी ओरडलं, "दामूचा अजून पोचंना! त्याला घरी धाडा!"

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "माझ्या वडिलांचाही एक जूनच होता," त्या म्हणाल्या. "आणि गुरुजी, तुमचा?"

"एक जुलै. आमचे गुरुजी महिनाभर उशिरा यायचे."

एक जानेवारीवाल्या बहुतेक बाया होत्या, शाळेत कधी न गेलेल्या. त्यांना ती तारीख आधारकार्ड काढणाऱ्या पोरानं दिली होती. उरलेल्या तेरा जणांना आपली खरी तारीख माहीत होती. गावात ते शिष्ट समजले जात.

"पण हे त्या लोकांना कसं कळवू?" मॅडम स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या.

"सोपं हाय," अप्पा म्हणाले. "लिवा, आमच्याकडं लेकरं बारा म्हैने जन्मतेत, पन शाळा जूनमधीच उगडती."

मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. डॉक्टर मुकुल कोपऱ्यातून पुढं आले. चेहरा उजळला होता. अप्पांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "बेसिकली, मला पहिल्यापासून खात्री होती." अप्पांनी खांदा जरा तिरका केला. हात आपसूक घसरला.

लोक उठायच्या बेतात होते. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "एकच राहिलं. तुम्ही मोजता कसं, ते मला एकदा दाखवा. कुणाचंही."

अप्पांना आनंदच झाला. केवळाबाईंच्या दंडाला पट्टा बांधला. मशीन गुरगुरलं, फुगलं, सुस्कारा टाकून थांबलं. अप्पांनी मान लांब करून वाचलं आणि मंडपाला ऐकवलं, "एकशे तीस, एऽऽक!"

मॅडमचा पेन थांबला. त्या वाकल्या. मशीनवर एकशे तेहेतीस दिसत होतं.

"अप्पा, तीन कुठं गेले?"

"कोनते तीन?"

"मशीनवर एकशे तेहेतीस आहे."

"हाव. ते तीन सुट्टे हायेत."

"सुट्टे म्हणजे?"

"सुट्टे म्हंजे सुट्टे, मॅडम. सोडून दिले. एकशे तेहेतीसचं काय करायचं? आमच्या तिकिटाचंसुदा शेवटी-शेवटी पाचाच्या पटीत केल्तं सरकारनं. लई बेस झालं, भांडनंच मिटली. आन सोडायचं ते पॅसिंजरच्या बाजूनं सोडायचं. सत्तेचाळीस असलं की पंचेचाळीस. उगं कुनाचं प्रेशर चढवून लिवाय मी काय कुनाचा दुश्मन हाव का?"

मंडपानं माना डोलावल्या. माणूस पहिल्यापासूनच दिलदार, असं कुणीतरी म्हणालंही.

"सगळ्यांचं असंच लिहिलंत? दोनशे बारा?"

"फरक करून कसं चालंल?"

मॅडमनी कागदाच्या मागं आकडे मांडले. त्यांचा हळू आवाज आता मंडपाच्या शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू येत होता, कारण सगळे पुढं सरकून कान देऊन बसले होते. "आधीच्या शिबिरात नर्सेसनी नेमका आकडा लिहिला. नंतर अप्पांनी सुट्टे सोडले. कुणाचे शून्य, कुणाचा एक, कुणाचे दोन, तीन, चार. म्हणजे सरासरी माणशी दोन. डॉक्टर, लेखात प्रेशर किती उतरलंय?"

डॉक्टर सतरंजीकडं बघत म्हणाले, "दोन पूर्णांक एक."

"मग त्यातले दोन अप्पांचे. एक दशांश चटणीचा."

"अय्यो!" मागून पार्वतम्मा उभ्या राहिल्या. "ऐंशी किलो जवस कुटला मी! हात बगा माजे! आन माज्या वाट्याला निस्ता एक दशांश?"

हसण्याची एक लाट उठली आणि विरली. अप्पा हसले नाहीत. त्यांना आता कळलं होतं. चेकर गाडीत होता, डोकी बरोबर निघाली होती, आणि चूक तिसरीकडंच सापडली होती.

डॉक्टर मुकुल चटकन पुढं आले. "बेसिकली मॅडम, मशीनचा प्रॉब्लेम असणार. त्या वेळचं मशीन जुनं होतं, ते पाचाच्या पटीतच दाखवायचं. नाही का अप्पा? आठवा बरं जरा."

हे सांगताना डॉक्टरांनी डोळ्यांनी अप्पांना दार उघडून दिलं होतं. अप्पांना ते दार स्पष्ट दिसलं. फक्त हाव म्हणायचं होतं. एकतीस वर्षं आणि वर हे एक, सगळं बिनाकेसचं राहिलं असतं. तिकिटाच्या मशीनवर ढकलून सुटलेले कितीतरी कंडक्टर त्यांनी पाहिले होते. त्या सगळ्यांशी अप्पा बोलायचे, पण त्यांच्या हातचा चहा घ्यायचे नाहीत.

केवळाबाईंच्या दंडाला पट्टा तसाच होता. मशीनवरचा आकडाही तसाच.

मॅडमनी विचारलं, "मशीन, की तुम्ही?"

"मशीनवर केस करू नगा, मॅडम," अप्पा म्हणाले. "मशीननं तीन दावले. सोडले म्या." मग डॉक्टरांकडं वळून, "साहेब, घ्या गाडी मागं. माज्याकडनं शिट्टी झाली."

डॉक्टर पांढऱ्या गाडीत जाऊन बसले. दोन आठवडे त्यांचा फोन नव्हता. मग आला. लेख त्यांनी स्वतःच मागे घ्यायचं कळवलं होतं. त्यांच्या जुन्या मेडिकल कॉलेजातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं म्हणे, की आपण होऊन मागे घेतलेला बरा दिसतो. "बेसिकली," ते अप्पांना म्हणाले. एवढं ऐकून अप्पांनीच फोन ठेवला.

त्या रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, "पार्वतम्मा, ही केस झाली म्हनायची का?"

पार्वतम्मांनी भाकरी थापता थापता विचार केला. "चेकरनं धरलं, तवा झाली. पन तुमी कबूल केलं, तवा न्हाई. अर्धी धरा."

तेव्हापासून अप्पा सांगतात, "एकतीस वर्षं, अर्धी केस." आणि त्या अर्धीचा अर्धा तास खुलासा करतात.

पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. लेख मागे घेतला की मासिकात नोटीस छापतात, हे त्यांना मॅडमनी सांगितलं होतं. अप्पांना तिची धास्ती. "निस्तं 'मागं घेतलं' म्हनून छापतील. वाचनाऱ्याला वाटंल, मानसंच नव्हती. आकडा चुकला ते माज्या नावावर घाला. पन मानसं व्हती. ते लिवाय पायजे." त्यांनी मराठीत पानभर पत्र लिहिलं आणि मॅडमकडं पाठवलं, विलायतेला पोचवा म्हणून. त्यात दोनशे बाराच्या दोनशे बारा नावं होती, गावासकट.

मला हसू आलं. मी त्यांच्या समोरच राहते, दारातून रोज त्यांचं बोलणं ऐकत आलेय, आणि गल्लीत त्यांचा आवाज काढण्यात माझा हात कुणी धरत नाही. पण असल्या नोटिसा मी इंटरनेटवर पाहिल्या होत्या. मी म्हटलं, "अप्पा, चार ओळी असतात त्या. 'माहितीची खातरजमा होऊ शकली नाही', संपलं. खाली तारीख. तुमच्या तांबरवाडीचं कोण छापतंय तिथं?"

"छापतील."

"नाही छापत."

"लाव पैज."

लागली. दोन प्लेट सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी, वर तळलेली मिरची, स्टँडमागच्या गाड्यावरची. मी मनातल्या मनात खाऊनसुद्धा टाकली.

नोटीस दोन महिन्यांनी आली. भार्गवी मॅडमनी अप्पांच्या फोनवर पाठवली, आणि अप्पांनी फोन माझ्या हातात दिला, "वाच. मराठीत वाच. हळू." चार नव्हे, सहा ओळी होत्या. लेख मागे घेण्यात येत आहे. दुसऱ्या मोजणीचे आकडे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिल्यामुळे निष्कर्ष टिकत नाही. ही गोष्ट आकडे लिहिणाऱ्यानं स्वतः मान्य केली आहे. आणि मग एक ओळ अशी, की अभ्यासातील दोनशे अकरा व्यक्तींना प्रत्यक्ष भेटून आणि एका दिवंगत व्यक्तीच्या पत्नीला भेटून सर्वांची खातरजमा करण्यात आली आहे.

ती ओळ अप्पांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. तिसऱ्या वेळेला ओठ हलत होते.

मग आम्ही गाड्यावर गेलो. पहिली प्लेट त्यांनी उभ्यानं खाल्ली. दुसरी बांधून घेतली, पार्वतम्मांसाठी. मिरच्या चार ठरल्या होत्या, गाडेवाल्यानं चुकून पाच घातल्या. अप्पांनी एक परत केली आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "पैसे ह्यांच्याकडं."